अकरा तुकड्यांची साल

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य साहेब, मंचावरचे पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या भूगोल विभागाच्या डॉ. सिंधू धर्माधिकारी मॅडम, सर्व गुरुजनहो आणि विद्यार्थी मित्रहो,

मी रामराव, भूगोलाच्या प्रयोगशाळेतला सहायक. मला तीन मिनिटं दिली आहेत. मॅडमच्या गुणांवर आधीचे वक्ते बोलले, ते मी पुन्हा बोलत नाही. मला एका नोंदीबद्दल बोलायचं आहे. नऊ वर्षांपूर्वी मॅडमनी हिमालयातून आणलेले लाकडाचे नमुने त्यांच्याच हलगर्जीपणानं खराब झाले, असं या कॉलेजात सगळे म्हणतात. मघाशी चहाच्या वेळीही कोणी तरी हसत म्हणालं. ती नोंद चूक आहे.

आता तुम्ही म्हणाल, अमरावतीच्या उन्हात बसून बर्फाचा अभ्यास कावून? आम्हीही तेच म्हणायचो. पण डोंगरावरून बर्फाचा लोट खाली आला, की वाटेतल्या झाडाला जखम होते. झाड जगलं तर जखमेवर दरवर्षी एकेक वलय चढतं. झाड कोणत्या वर्षी तोडलं हे माहीत असेल, तर सालीखालच्या शेवटच्या वलयापासून आत मोजत जायचं आणि जखमेचं वर्ष काढायचं. इतकं सोपं आहे. फक्त साल शाबूत पाहिजे.

तिकडे वर एका मैदानावर शाळेचं वसतिगृह बांधायचं ठरलं होतं. पूर्वी हिवाळ्यात तिथं गावचं कोणी राहत नसे, म्हणून लोट आलेला गावकऱ्यांनी पाहिला नव्हता. कागदोपत्रीही काही नव्हतं. रस्त्यासाठी तिथली झाडं २०१५ साली तोडली, त्यांचे अकरा तुकडे मॅडमनी रेल्वेनं आणले. एका दिवसासाठी त्या अकोल्याला गेल्या आणि मला म्हणाल्या, "रामरावभाऊ, तुकडे जरा साफ करून ठेवा."

माझे वडील नांदगाव खंडेश्वरला सुतारकी करत. सुताराच्या घरात लाकूड आलं, की आधी साल काढतात, सालीत कीड राहते म्हणून. मी पटाशी घेतली आणि काढली. सालीसोबत बाहेरची वलयंही गेली, किती ते कोणी मोजलं नाही. अकरापैकी अकरा. अर्धवट काम ठेवायची मला सवय नाही ना!

मॅडम आल्या. टेबलावरचा एकेक तुकडा उचलून त्याची कड पाहू लागल्या. मी म्हटलं, "मॅडम, काई चुकलं काय?" त्या म्हणाल्या, "चुकलं. पण मीच सांगितलं नव्हतं." त्या महिन्यात मला कायम करायची फाइल संस्थेकडे गेली होती. मॅडमनी नोंदवहीत लिहिलं, 'नमुने माझ्या हातून खराब झाले', आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. पुढचा प्रकल्प त्यांना मिळाला नाही. मी जूनमध्ये कायम झालो. पेढे वाटले, मॅडमनाही दिले. आज त्याची लाज वाटते.

त्या मैदानावर एखाद्या हिवाळ्यात फौजेचे तंबू पडले असतील, तर लोटाचं वर्ष कोणी तरी सांगेल, म्हणून मग दर रविवारी एसटीनं आम्ही जिल्ह्यातल्या जुन्या फौजींची घरं पालथी घातली. चांदूर बाजारला पार्बताबाईंनी डब्यातून नवऱ्याची पत्रं काढली. म्हणाल्या, "पत्र नेऊ देनार नाई. अठीच वाचा. मानूस गेला माहा, पत्रं तरी राहू द्या." त्यात फेब्रुवारी १९७८ चं एक होतं. त्याच मैदानावरून लिहिलेलं. 'काल नाल्यातून बर्फ उतरला, खालचे तंबू गेले. आम्ही सुखरूप. कापूस वेचून झाला काय ते कळव.'

मॅडमनी ती तारीख तुकड्यांवरच्या दोन जखमांपैकी पहिलीपाशी ठेवली. १९७८ आणि २०१५ दोन्ही धरून तिथून बाहेर अडतीस वलयं हवीत. कुठं पस्तीस उरली होती, कुठं तेहतीस. म्हणजे मी कुठं तीन उडवली होती, कुठं पाच. दुसरी जखम पहिलीनंतर सतरा वर्षांची, म्हणजे १९९५ चा हिवाळा. मॅडमनी दोन्ही वर्षं तिकडे कळवली, आणि वसतिगृह पलीकडच्या उंचवट्यावर गेलं. आज तिथं साठ पोरी राहतात. मैदानावर त्यानंतर लोट आलेला नाही. येईलच असं मॅडमही कधी म्हणाल्या नाहीत.

ही ती नोंदवही. चुकीच्या नोंदीवरून पुढचा माणूस चुकीचं वर्ष काढतो, हे मॅडमनीच मले शिकवलं. सकाळी मी त्या ओळीखाली माझं नाव लिहिलं, सही केली. वरच्या नावावर काट मारायची राहिली आहे. माझा हात धजला नाही.

संस्थेनं मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. अकरा तुकड्यांची माफी मात्र मी एकट्या मॅडमना मागून राहिलो. मॅडम, पेन आणलाय. तेवढी काट मारा.