नायकांच्या ट्रॅक्टरचा तुकडा

मंडळी, मागं उभे आहात ते पुढं या. सुमनबाईच्या सिनेमाला असं बोलवावं लागत नव्हतं. आज तिच्याच शोकसभेत मला बोलायची भीती वाटतेय. मी पेपरात लिहिणारा माणूस, शिरड शहापूरहून येताना चार वाक्यं जुळवली होती. ती आता आठवत नाहीत.

सुमनबाई शेळ्यांमागं हिंडायची आणि मोबाइलवर या डोंगराचे, झऱ्याचे, उन्हाचे सिनेमे काढायची. एकदा शहरातून सिनेमा काढणारे साहेब आले. त्यांना भेगाळलेल्या रानातून रिकामी घागर घेऊन चालणारी म्हातारी हवी होती. बाई म्हणाली, इथं टँकर येतो साहेब, म्हातारीला उन्हात काहून पिटाळता? साहेब नाराज होऊन गेले. म्हातारी खूश.

तिचा नियम तुम्ही जाणता. सिनेमा आधी तांड्यानं बघायचा, देवळाच्या भिंतीवर. ज्याला आपला तुकडा नको, त्याचा तुकडा निघणार.

शेवटच्या सिनेमात ती याच नियमाला अडली. खडीसाठी डोंगर फुटतोय, झरा आटलाय. खडी कोण वाहतं? आपले नायक, तांड्याचे प्रमुख. भिंतीवर त्यांचा ट्रॅक्टर दिसला आणि नायक उठून म्हणाले, काढ. बाईनं काढला.

मी चिडलो. म्हटलं, मग डोंगर काय स्वतःच्या पायानं गेला?

ती म्हणाली, "न्हाई भाऊ. न इचारता दाखवलं तर त्या साहेबात अन् माझ्यात काय फरक?"

मग ती नायकांकडं जात राहिली. चहा मिळायचा, होकार नाही. नायक म्हणायचे, पोटासाठी वाहतो, बदनामी माझ्या एकट्याचीच काहून? ती म्हणायची, मग तुमीच बोला की सिनेमात. होकाराची वाट बघता बघता ती तापानं गेली.

काल नायकांनी तिच्या लेकीला बोलावून घेतलं. म्हणाले, "तो तुकडा परत लाव. मी बोलतो. ट्रॅक्टरवर बसूनच बोलतो."

नायक, मान वर करा. टोमणे मी पेपरात मारतो, इथं नाही. मंडळी, हा सिनेमा पुरा होणार. होणारच.

आता उभे राहू. खडी फोडणारा क्रशर आज बंद आहे. आपण गप्प राहिलो, की हा डोंगर कसा ऐकू येतो, ते लेक रेकॉर्ड करणार आहे. कुणाला खोकला आला तर खोका. आवाज तांड्याचा आहे, तांड्यासारखाच येऊ द्या.

सुमनबाई, नमस्कार.

लेकी, कर सुरू.