मायनं काढलेलं स्वस्तिक

आमी मूळचे नांदगाव खंडेश्वरकडचे. दोघं भाऊ, मी मोठा, विलास लहान. बाप लवकर गेला, माय दुसऱ्याच्या वावरात जाये, मंग मी अकोल्याले आलो गाड्या धुवाले अन् विलास शिकला, आता तो अमरावतीले क्लासमंधी गनित शिकवते. माय राहिली माह्यापाशी, शेवटपर्यंत माह्यापाशीच. हे मी मोठेपना म्हनून नाही सांगून राहिलो, पुढं त्याचं काम हाये म्हनून सांगतो.

माहं काम म्हनजे काय, रोडच्या बाजूले टिनाचं शेड, पानी, मऊ कपडे, पालिश अन् वॅक्स. मशीन नाही. मशीनवाले दुसरे हायेत, मी हातानंच करतो. गाडी कुठं घासली असन तं आधी धुवाची, नाही तं धूळच काचपेपर होते. मंग सावलीत थंडी होऊ द्याची, आपल्याकडच्या उन्हात पालिश लावलं का पापडावानी वाळते. मंग डागावरून नख फिरवाचं. नख अडकलं तं ते रंगवाल्याचं काम, नाही अडकलं तं माहं. बोटाले कपडा गुंडाळाचा, थोडंसं पालिश घ्याचं, घासाचं, पुसाचं, पाहाचं, पुन्हा घासाचं, अन् शेवटी वॅक्सचा पातळ हात. लोकं म्हनतात, भाऊ, तुमच्या हाताले मानलं. हाताचं काय घेता, हात कोनाचंही ऐकते.

हे शेड घातलं तेव्हा पूजा ठेवली होती. माय सकाळपासून धुतलेलं लुगडं नेसून बसली. नारळ आला, ताट आलं, माय ताट घ्याले उठली. मी म्हनलं, माय, तू राहू दे, सुनेले करू दे. विधवा बाईनं कुंकवाचं काम करू नये म्हनतात ना, अन् धंद्याचा पहिला दिवस. माय म्हने, हो रे बावा, माह्या ध्यानातच नाही राहिलं. अन् मांगं सरकून भिंतीपाशी उभी राहिली. बस, एवढंच. भांडन नाही, रडनं नाही. काय सांगू तुमाले, तेव्हा मले काही वाटलंबी नाही.

मंग विलासनं गाडी घेतली, काळ्या रंगाची, अन् पूजेले सरळ माह्या घरी आनली. म्हने, कुंकू माय लावन. मी म्हनलं, काहून रे, तुही बायको उभी हाये ना. तो म्हने, दादा, गाडी मायच्या कष्टावर आली, मंग कुंकू दुसऱ्याच्या हातचं काहून? किती वर्षांनी कुंकवात बोट बुडवलं तिनं. बोनटवर दाबून दाबून स्वस्तिक काढलं, बोटात चांदीची अंगठी, तिचे रंगावर बारीक ओरखडे पडले. कुंकू धुतल्या गेलं, ओरखड्याचं स्वस्तिक राहिलं, एका बाजूनं वाकडं, तिरपं पाहिलं तरच दिसे. विलास म्हने, माय, नव्या गाडीवर तू तं गोंदूनच ठेवलं. माय तोंडाले पदर लावून हसे.

माय गेली. मी रडलो नाही. लोकं म्हनत याले धक्का बसला, पन धक्काबिक्का काही नव्हता, आतमंधी काही हलतच नव्हतं. वर्षश्राद्धाच्या आधी विलास गाडी ठेवून गेला. बंपरले आटो घासला होता, पिवळा रंग लागला होता. म्हने, दादा, एवढं काढ, वॅक्स मार, फक्त मायच्या स्वस्तिकाले हात नोको लावू. मी म्हनलं, हे का सांगाची गोष्ट हाये?

बंपर साफ केलं. मंग बोनटपाशी आलो अन् त्या स्वस्तिकावरून नख फिरवलं. अडकलं नाही. चहावाला गिलास ठेवून गेला, म्हने, काहून भाऊ, बोनटमंधी पाहून भांग पाडता काय? मी हसलो अन् कपडा बोटाले गुंडाळला. माय अंथरुनाले लागली तवा तिले उचलून बसवलं मी, तिचं हागनं-मुतनं काढलं मी, अन् तिच्या हातची निशानी त्याच्या गाडीवर, माह्या शेडावर नाही. काहून नाही ते मले ठाऊक होतं. घासत गेलो. राग नव्हता, बरंबी वाटत नव्हतं, दुसऱ्या कोन्या गाडीचा डाग काढावा तसं काढलं. चहा पार थंडा होऊन वर साय जमली, तवा बोनट कोरं झालं होतं.

गाडी घ्याले आला तवा विलासनं बोनटवर हात फिरवला, वाकून पाहिलं. मी म्हनलं, चुकून पालिश लागलं रे. तो म्हने, जाऊ दे, दादा. वर सोयऱ्यांले सांगे, दादाच्या हातून चुकून झालं, त्याले कोनी बोलू नोका. हे मले सहन होये ना.

दिवाळीले आला तवा सांगून टाकलं. म्हनलं, चुकून नाही. त्यानं हातातली चाबी खाली ठेवली. मंग म्हने, मशीन लावली होती काय? मी म्हनलं, नाही, हातानं. म्हने, हातानं तं लई वेळ लागला असन. लागला, मी म्हनलं. तो म्हने, त्यात एकदाही थांबावं नाही वाटलं? मी म्हनलं, दर वेळी कपडा पलटवला का वाटे. त्यानं चाबी उचलली अन् गेला.

आता तो माह्या घरवालीले फोन करते. वहिनी, दादा जेवला काय, इचारते. ती माह्याकडं पाहून म्हनते, जेवले. मी तिथंच बसेल असतो, ती फोन माह्याकडं करत नाही, तो मांगतबी नाही. त्याचं बरोबर हाये. सुखात राहो बाप्पा, त्याचे लेकरं, त्याची गाडी, सारं सुखात राहो.