चिमीचे पाय

"हॅलो?… कोण, चिमी? अगं होतीस कुठे! कधीची लावतेय तुला… हो, हो… अगं ऐक ना, आधी माझं ऐक."

वहिनीने खुर्ची ओढली. झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत या नणंद-भावजयीची डिटेक्टिव्ह एजन्सी होती. एरवी कामं हरवलेल्या माणसांची नि संशयी नवऱ्यांची. गेलं वर्षभर मात्र समोरच्या भिंतीवर चार मेलेल्या बायकांचे फोटो लावलेले होते. चौघींचेही पाय स्वच्छ धुतलेले, नव्या पांढऱ्या कापडावर जुळवून ठेवलेले, नि पायांपाशी जळून अर्धी झालेली मेणबत्ती. पोलिसांनी हात टेकले, तेव्हा त्यातल्या दुसरीची आई रडत या दोघींकडे आली होती.

"आत्ता शवविच्छेदनवाल्या डॉक्टरीणबाईंकडूनच येतेय मी. आपण काय समजत होतो, तो मारल्यावर पाय धुतो, असंच ना?… नाही गं! जिवंतपणी. मिठाच्या गरम पाण्यात चांगले बुडवून. आणि पोटात झोपेच्या गोळ्या… म्हणजे त्या आपणहून बसल्या होत्या, चिमे. ओळखीच्या माणसाकडे, गप्पा मारत… तू आहेस कुठे पण?… काकांकडे? बरं."

काका म्हणजे त्या दुसरीचे शेजारी. प्रेत पहिल्यांदा त्यांनाच दिसलं होतं. निवृत्त, एकटा जीव. वर्षभर दोघींना हवी ती माहिती द्यायचे, आल्या की चहा करायचे.

"चिमे?… अगं, गप्प का झालीस?… पाय मुरगळला? कधी?… त्यांच्या जिन्यात… बरं, मग?… कसल्या पाण्यात?"

वहिनी उभी राहिली.

"मीठ आहे त्यात?… मोठ्याने बोलू नकोस. नुसतं हो-नाही म्हण. ते कुठे आहेत?… स्वयंपाकघरात. आणि दार?… कुलूप. बरं. बरं. घाबरायचं नाही हं, हस जरा. हं, अशी. चहा घेतलास?… सगळा?"

दुसऱ्या हाताने तिने टेबलावरचा फोन उचलून चौकीचा नंबर फिरवला. "गाडी पाठवा, आत्ताच्या आत्ता!… साहेब जेवायला गेलेत म्हणजे काय? इथे माणूस जातंय!" पत्ता तिने दोनदा ओरडून सांगितला.

"चिमे, घशात बोट घाल. ओक सगळं… होत नाही? मग खिडकीपाशी जा… उठ ना गं… नाही, झोपायचं नाही! तुझा दादा निघालाय, ऐकतेस ना? पोचेलच आता."

दादा परगावी होता. पण आत्ता हे खोटं चालण्यासारखं होतं.

"माझ्याशी भांड. भांड म्हणते ना! माझी छत्री हरवलीस, वर मलाच केवढी बोलली होतीस… हो, हो, माझंच चुकलं, बोलत राहा… काय? नीट बोल गं… चिमे?… चिमे!"

मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"…काका? काका, पाया पडते तुमच्या. लेकरू आहे हो ते, माझ्या हातावर वाढलंय… नाव? चिमीच. आम्ही सगळे चिमीच म्हणतो… पूर्ण नाव कशाला हवंय?"

कशाला ते तिला ठाऊक होतं. चारही मेणबत्त्यांवर सुईने त्या त्या बाईचं नाव कोरलेलं होतं, बापाच्या नावासकट. नावाशिवाय त्याने एकही पेटवली नव्हती.

"नाही सांगणार… रागवा हवं तर. बसा तसेच."

टेबलावरच्या फोनमधून हवालदार विचारत होता. गाडी निघाली होती. नोंदीसाठी आत अडकलेल्या बाईंचं नाव हवं होतं. वहिनीने त्या फोनवर तळहात दाबून धरला.

"गाडी निघालीय, काका. सोडा तिला, मी काही बोलणार नाही कुणाला… बॅग? नाही, बॅगेत काही नसतं तिच्या! हात लावू नका… काका!"

चेन उघडल्याचा आवाज आला. किल्ल्या फरशीवर पडल्या. आणि मग ओळखपत्रावरचं बारीक अक्षर वाचताना म्हातारी माणसं अडखळतात, तसं अडखळत तो वाचू लागला. आधी तिचं नाव. मग तिच्या वडिलांचं, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांचं. शेवटी आडनाव, वहिनीचंही तेच होतं.

"चिमे… उठ गं बाळा… एकदा उठ…"

फोन कट झाला. तिने पुन्हा लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

टेबलावरचा फोन अजून बोलत होता. तिने तो कानाला लावला.

"हो… आहे मी… नाव ना? सांगते. लिहून घ्या. आता सांगायला हरकत नाही."