परदेशातून आलेला पालीचा माणूस

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, पण गावाचं मला फार विचारू नका, मी जन्मले इथेच भाईंदरला, बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर होते आणि आमची खोली कारखान्याला लागूनच, भिंतीला भिंत, तर पाळण्यात मी अंगाई कमी ऐकली आणि पत्र्यावर प्रेस पडतोय तो धाड धाड आवाज जास्त. आई सांगायची, मशीन बंद पडलं की ही जागी व्हायची. हे आधीच सांगते कारण सगळे पहिलं हेच विचारतात, ताई तुम्ही आणि हेवी मेटल, कसं काय, आणि विचारताना असे बघतात की मी काहीतरी लपवतेय. तुम्ही पण आत्ता तसंच बघताय. बघा, मला सवय आहे. फक्त बँडचं नाव मी सांगणार नाही आणि तुम्ही फोनवर शोधायचं पण नाही, का ते पुढे कळेल.

तर मुंबईतली चार पोरं होती, कॉलेजातली, गाणी इंग्लिश, आणि गाणारा असा ओरडायचा की वाटायचं आता ह्याच्या गळ्यातून रक्त येणार. माझ्या भावाने कॅसेट आणली, त्याला आवडली नाही, मला दिली. मला शब्द कळायचे नाहीत, डिक्शनरी घेऊन बसायचे, काही कळायचे काही नाही, पण काय सांगू तुम्हाला, तो ओरडायला लागला की मला शांत वाटायचं. दिवसभर पॅकिंगमध्ये उभं राहायचं, वाट्यांना स्टिकर लावायचे, सुपरवायझरचं ऐकायचं, मी तर कधी कुणावर ओरडले नाही, तो माझ्या वाटणीचं पण ओरडायचा असं मला वाटायचं. दोन कॅसेट आल्या आणि बँड बंद. गाणारा कुठे गेला कुणाला पत्ता नाही, कव्हरवर पण नुसती इंग्लिश टोपणनावं, खरं नाव कुणालाच माहीत नाही.

लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी ती कॅसेट ऐकली एकदा.  दुसऱ्या दिवशी मीठमिरची माझ्यावरून उतरवून विस्तवावर टाकली, आणि मिरचीचा ठसका नाही आला तर म्हणाल्या, बघा, आहे काहीतरी. आमच्या ह्यांना वेगळाच संशय, कव्हरवर त्या चौघांचे फोटो होते, हे विचारायचे ह्यातला नक्की कुठला? मी म्हणायचे अहो मी त्यांना जन्मात भेटले नाही. हे म्हणायचे तेच तर. आता ह्याला काय उत्तर आहे सांगा. पुढे बिल्डिंगमध्ये राहायला आलो तर माझा काळा टी-शर्ट, त्यावर कवटी, लिफ्टमध्ये बायका पोरांना जवळ ओढायच्या, ऊपरवाली भाभी का कुछ चक्कर है, ठीक नहीं लगता. मी ऐकून सोडून द्यायचे. पण खरं सांगू, सगळे आपल्याकडे संशयाने बघायला लागले ना की आपण पण संशयी होतो. मी झाले.

मग फोन आले आणि आमचा ग्रुप झाला, त्या बँडचे जे कोण जुने वेडे राहिले होते त्यांचा, आणि त्यात मला मान होता हो, कुठलं रेकॉर्डिंग खरं, कुठला फोटो कुठला, सगळे म्हणायचे ताईंना विचारा. कुणी खोटं काही टाकलं की मी पकडायचे. आणि ह्याच ग्रुपवर एका आयोजकाने टाकलं की गाणारा सापडला, इतकी वर्षं ऑस्ट्रेलियात होता, आता येतोय, मीरा रोडला हॉलमध्ये कार्यक्रम. सोबत फोटो. टक्कल, दाढी, काळा चष्मा. ग्रुपमध्ये नुसता धुमाकूळ, लोक रडतायत, आणि मी तो फोटो मोठा करून करून बघतेय. चष्मा कशाला? इतकी वर्षं ऑस्ट्रेलियात साहेबासारखा होता तर हाताची नखं अशी मजुरासारखी काळी का? मी लिहिलं, ह्यांचा आवाज ऐकवा, नुसतं नमस्कार म्हणू दे. आयोजक म्हणाला सरप्राइज आहे. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढचं तर ऐका. मी मार्केटला मासे घेत होते, फोन हातात, आणि कोळीणबाई वाकून बघते नि म्हणते, ह्यो तुझ्या फोनात कसा? मी म्हटलं कोण हा? म्हणते आमच्या पालीचा जनार्दन हाय, उत्तनच्या अंगाची पाली, होड्यांची इंजिनं बनवतो. मी म्हटलं मावशी हा ऑस्ट्रेलियाचा. ती एवढी हसली की तिच्या हातातलं पापलेट पाण्यात पडलं.

म्हणजे बघा, एका मेकॅनिकला चष्मा घालून आमचा गाणारा म्हणून उभा करतायत. मला इतका राग आला. ग्रुपवर लगेच नाही टाकलं, आधी डोळ्यांनी बघायचं ठरवलं. ह्यांना म्हटलं पालीला चला, हे म्हणाले कुणाला भेटायला, मी खरं ते सांगितलं, तर हे शर्ट घालून तयार, मला एकटीला सोडणार थोडेच. उत्तनची बस धरली, डोंगरी गेली, पुढे उतरून चालत. गल्ल्या एवढ्या चिंचोळ्या की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. विचारत विचारत घर सापडलं, हे कोपऱ्यावर थांबले, मी दार वाजवलं.

दार उघडलं त्याच्या बायकोने, हेमा तिचं नाव. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मी तोच काळा टी-शर्ट घातलेला, मुद्दाम, आणि ती काय म्हणाली माहितेय? म्हणाली, अच्छा, ती तूच हाय. मी म्हटलं कोण मी? म्हणाली, महिना झाला ह्याचं चाललंय, फोन आला की भाईर जातो, मीरा रोडला जातो, काळा शर्ट घेतलाय, असाच, आणि इचारलं तर काय न्हाय, काय न्हाय. ये, आत ये, मला पण बघू दे तुला. मी घाबरलेच. म्हटलं ताई तसं काही नाही, तुमच्या नवऱ्याच्या नावावर कुणीतरी फसवाफसवी करतंय, ते म्हणतात हा गाणारा आहे. ती म्हणाली गाणारा? ह्याचा तर घसाच कापलाय.

गाठ होती म्हणे. ऑपरेशन झालं, त्यानंतर आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. मला हायसं वाटलं, हे मी तुम्हाला खोटं नाही सांगणार, मला वाटलं चला, पक्कं झालं, तोतया. मी फोन काढला, जुनं गाणं लावलं, म्हटलं हे ऐका, हा आमचा गाणारा. तिने कानाला लावला. सुरुवातीला तो किंचाळतो ना तिथे तिने तोंड वाकडं केलं, म्हणाली शी, कोण ह्यो, डुक्कर मारतायत जसं, आमचा न्हाय ह्यो. मी फोन मागायला हात पुढे केला. पण त्या गाण्यात मध्येच गिटार थांबते आणि तो नुसता गुणगुणतो, हळू, शब्द नाहीत, आणि तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली थांब. थांब गं. आता हाय तो. मोठी पोरगी तान्ही होती ना, तिला असाच झोपवायचा, ह्येच.

आणि ती खाली बसली. मी पण बसले, काय करणार. आवाज गेल्यापासून तिने तो ऐकला नव्हता, त्यांच्याकडे कुठे जपून ठेवलेला आवाज असणार, आणि तो माझ्या फोनमध्ये, आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये, इतकी वर्षं. पुन्हा लाव म्हणाली. मी लावलं. परत लाव.

तेवढ्यात तो आला, हाताला ग्रीस, आणि दोन बायका रडतायत आणि मध्ये त्याचं गाणं वाजतंय. आयुष्यभर मी विचार केलेला की समोर आला तर काय बोलेन, आणि मी काय बोलले, मी दरडावून विचारलं, तुम्ही ऑस्ट्रेलियाला होता का हो? त्याने मान हलवली, नाही. कुजबुजत म्हणाला, वडील वारले, होडी कोण बघणार, आलो परत. मी म्हटलं मग कार्यक्रमात गाणार कोण?  मग म्हणाला, टेप लावणार आहेत, मी नुसतं तोंड हलवायचं. एकदा उभं राहायचं होतं. एवढंच.

मी फोनवरचं गाणं बंद केलं. हेमा उठली. म्हणाली, घसा कापला तवा मी कुणाला बोलले न्हाय, सोसलं, आता चार लोकांपुढं माशावानी तोंड उघडणार तू? उभा राहा, खुशाल राहा, पण असाच राहा, सांग त्यांना आवाज न्हाय म्हणून, आणि मग लावा काय टेप लावायची ती. तो खूप वेळ हाताचं ग्रीस पुसत बसला. मग हो म्हणाला.

आयोजकाला ते चालणार होतं का? म्हणाला मुक्याला बघायला कोण येणार. कार्यक्रम रद्द. आणि ग्रुपवर टाकलं की एका बाईने संशय घेऊन घेऊन पाहुण्याचा अपमान केला, ते परत ऑस्ट्रेलियाला गेले. लोकांनी मला काय काय बोलून घेतलं, काही जण तर मी ज्यांना मानायचे अशी माणसं. मी एक ओळ लिहिली असती तर विषय संपला असता. पण कार्यक्रम रद्द झाल्यावर त्याने मला हात जोडले होते, आता उभंच राहायचं नाही तर घशाचं नको सांगू म्हणून. लोकांच्या कानात तो अजून ओरडतोय, तर ओरडू दे. नाही लिहिलं. मला ग्रुपमधून काढलं. तुम्हाला सांगतेय ते सगळं बदलून लिहा, गाव पण बदला, नाही, गाव राहू दे, पालीत इंजिनवाले बरेच आहेत.

आता आम्ही कधीमधी जातो तिकडे. मी सगळी गाणी हेमाच्या फोनमध्ये टाकून दिलीत. ती बोंबील वाळत घालताना ऐकते आणि मला फोन करते, ह्या जागी काय म्हणतो, त्या जागी काय म्हणतो. एक गाणं आहे, त्यात कुणी मुलगी निघून जाते. ती कोण, हे तिला पाहिजे. मी म्हटलं अगं गाणं आहे ते. म्हणते तुला माहीत हाय, तू सांगत न्हाय. त्याला विचारलं तर तो नुसता हसतो, आवाज नाही येत हसण्याचा, खांदे हलतात, आणि इंजिनाकडे वळतो. परवा गेले तर तिने मला भाकरी वाढली, समोर बसली, आणि म्हणाली खा, पण खाऊन झाल्यावर सांगायचं. मी म्हटलं बाई, खरंच मला माहीत नाही. तिचा विश्वास नाही बसला. नको बसू दे. नवऱ्यावर संशय घ्यायला तिला नवरा आहे, तो राहू दे तिला, अजून खूप वर्षं राहू दे.