सगळ्या प्रश्नांना हो

नारिन शहराला निघालेल्या मिनीबसमध्ये शाळेच्या गणवेशातल्या दोन मैत्रिणी बोलत होत्या. मागच्या बाकावरची वयस्कर बुर्माकान खिडकीबाहेर बघण्याचं सोंग करून ऐकत होती.

“बेगायिम, मॅडमनी शाळेत तुझ्या मित्राबद्दल विचारलेल्या त्या प्रश्नांना काय उत्तरं दिलीस?”

“सगळ्यांना हो. तो फोन तपासतो का? हो. मैत्रिणींना भेटू देत नाही का? हो. हात उचलतो का? हो. मला वाटलं, जितके जास्त हो, तितकं प्रेम जास्त!”

“अगं शहाणे, ती धोक्याची लक्षणं होती!”

“असं होय? तो तर म्हणतो, शनिवारी गाडी घेऊन येतो. तू नाही म्हणालीस तरी पळवून नेणार.”

“बाई गं! चल, आत्ता मॅडमना फोन लावू.”

“नको, नाझिक. आजीलाही लग्नासाठी पळवूनच आणलं होतं. ती म्हणते, सासरी डोक्यावर पांढरा रुमाल बांधला की रडू आपोआप थांबतं.”

“थांबत नाही,” बुर्माकान म्हणाली.

दोघी दचकून मागे वळल्या.

“अपा,” बेगायिमनं थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं विचारलं, “तुम्हालाही?”

“तुझ्याच वयाची होते.”

“मग तुम्ही कुणाला सांगितलंत?”

“आत्ता, तुम्हा दोघींना. नाझिक, लाव गं तो फोन.”