चरबी : भरपूर

– हो, हेच ते पाखरू. पण याची गोष्ट तीन तऱ्हांनी सांगतात, तुम्ही कुठली ऐकून आलात? एकीत ते वादळात वाट चुकलं. दुसरीत जहाजाच्या डोलकाठीवर बसून फुकटात आलं – आमचा शिपाई हीच सांगतो, वर हसतो – आणि तिसरी त्याच्या पायाला बांधलेल्या या लेबलावर आहे, माझ्या अक्षरात : 'उपासमारीने मृत'. बर्फाच्या मुलखातला जीव, इथल्या उन्हात दुसरं काय होणार त्याचं?

पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या दादानं, आजारपणात, अंथरुणावरून, खिडकीतून. शाळामास्तर तो, चाळीस वर्षं पाखरांच्या वह्या लिहीत आलेला. त्यानं नोंद पाठवली, आणि नोंदी तपासणाऱ्या समितीनं काय कळवावं? 'आपली नजर अधू झाली असावी. आपल्या आधीच्या सर्व नोंदीही फेरतपासणीस घेत आहोत.' सर्व, बरं का! एका पाखरापायी माणूस चाळीस वर्षं खोटा. दादा म्हणाला, "छोटे, ते अजून अंगणात आहे गं, फोटो काढ." काढला की – धूसर आला. आणि मी पडले या संग्रहालयात पाखरं सोलून भरणारी बाई. पुरावा म्हटला की मला एकच ठाऊक...

काय बघताय? खालची ओळ? 'चरबी : भरपूर' – हो, तीही मीच लिहिलीय. कातडी सोलली की चरबी बघायची, लिहायची. तीस वर्षांची सवय, हात आपसूक लिहून गेला. उपाशी मेलेल्याच्या अंगावर चरबी कुठली, हेच ना? अहो, चरबी साठवतात ती लांबच्या उड्डाणाआधी. परत निघालं होतं ते. माणसाला भ्यायचं असतं हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं – दाणे धरले तर तळहातावर येऊन बसलं. छाती दोन बोटांत धरून दाबायची, श्वास थांबेपर्यंत. जोर लागतच नाही.

भरलेलं पाखरू समोर ठेवल्यावर समितीनं माफी मागितली, दादाची नोंद न् नोंद कायम केली. पत्र आणि पाखरू, दोन्ही मीच त्याच्या हाती दिलं, कौतुकानं. पत्र त्यानं बाजूला ठेवलं आणि लेबल वाचलं – दोन्ही ओळी, दोनदा, चष्म्याशिवाय. मग भिंतीकडे वळला. एकोणीस दिवस पाणीसुद्धा वहिनीच्या हातचं घेतलं, माझ्या हातचं नाही. विसाव्या दिवशी गेला.

या आता तुम्ही.