निंघनीच गाडी

आमच्या सुनीताने कॉलेजात माझी कशी इज्जत काढली, ते ऐका.

इंग्रजीच्या सरांनी वर्गाला विचारलं, "प्लॉजिबल म्हणजे काय?" कुणी म्हणालं खरं, कुणी म्हणालं खोटं. आमची पोरगी उठली. "सर, माझे पप्पा तळोद्याहून धडगावला जीप चालवतात. स्टँडवर इंजिन चालू ठेवतात, जीप हातभर पुढे घेतात आणि ओरडतात, 'बठा, बठा, निंघनीच गाडी!' गाडी आता निघालीच, हे माणसाला पटतं, तो बसतो. खरं की खोटं, ते बसल्यावर कळतं. तेच प्लॉजिबल."

सगळ्यात जास्त सरच हसले. आदल्या शनिवारी स्टँडवर गाडी भरायची वाट बघत तासभर माझ्याच जीपमध्ये बसले होते ना! हसून झाल्यावर वर्गाला म्हणाले, "लिहून घ्या, हाच अर्थ."

पुढच्या शनिवारी सर पुन्हा स्टँडवर. मी सवयीने ओरडलो, "बठा सर, निंघनीच गाडी!"

सर आत बसता बसता म्हणाले, "प्लॉजिबल!"

मी लगेच गिअर टाकला. सर दचकले. "अहो भाऊ, अर्धी जीप रिकामी आहे!"

म्हटलं, "राहू द्या सर. निंघनीच म्हणजे निंघनीच! आज सुनीताचा बाप गाडी चालवतोय."